तस्कर कुठला?

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांमुळे वाढलेली, बाजारपेठेने गजबजलेली वस्ती असून, तिच्या आसपासची इंदोरा, नारा, नारी ही जुनी गावे आता शहराच्या पोटात आली आहेत आणि गोरेवाडा तलावाकडून येणारी पिवळी नदी याच उत्तर भागातून पुढे जाते. दुकानांमागची अडगळ, धान्याची पोती, नाल्याकाठचे गवत आणि या सर्वांच्या आश्रयाने वाढणारे उंदीर असलेल्या वस्तीत साप असणे स्वाभाविकच आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की ते पायऱ्यांखाली, कुंड्यांमागे, न्हाणीघरात दिसू लागतात. धामण, दिवड, नानेटी, कवड्या, मांजऱ्या यांच्याबरोबर नागपूर परिसरात आढळणारा एक देखणा आणि पूर्णतः बिनविषारी साप म्हणजे तस्कर. हा साप ओळखणे फारसे अवघड नाही. अवघड आहे तो त्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे समोरचा तस्कर नेमका कुठला, हा.

हा प्रश्न समजण्यासाठी आधी नावांची उतरंड ध्यानात घेतली पाहिजे. प्राणिशास्त्रात जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात, आपसांत प्रजनन करून सुफल संतती देणाऱ्या प्राण्यांच्या समुदायाला सर्वसाधारणपणे जाती म्हणतात, आणि एकाच जातीतील पण वेगवेगळ्या प्रदेशांत राहणारे, दिसण्यात स्थिर फरक दाखवणारे समुदाय आढळले तर त्यांना उपजाती म्हणतात. जातीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते, उपजातीचे तीन शब्दांचे. ज्या समुदायावरून मूळ जातीचे वर्णन झाले त्याच्या नावात जातीचाच शब्द पुन्हा येतो, म्हणून तस्कराच्या मूळ उपजातीचे नाव सिलोग्नॅथस हेलेना हेलेना असे लिहिले जाते. तिसरा शब्द हा एका अर्थाने सापाचा पत्ता असतो, कारण उपजातीच्या व्याख्येतच प्रदेश अंतर्भूत आहे. दोन उपजाती एकाच जागी, एकाच झाडीत, शेजारी शेजारी आणि तरीही आपापले वेगळेपण राखून राहत असतील तर त्या उपजाती नव्हेत, त्या वेगळ्या जाती समजाव्या लागतात.

तस्कर साधारण तीन ते चार फूट लांबीचा, क्वचित त्याहून मोठा होतो. अंगाचा रंग फिकट तपकिरीपासून चॉकलेटीपर्यंत असून, पुढच्या अर्ध्या भागावर गडद आडवे पट्टे आणि त्या पट्ट्यांत ओळीने बसवल्यासारखे पांढरे ठिपके असतात. शरीराच्या मध्यानंतर ही नक्षी विरत जाते आणि तिच्या जागी दोन्ही कुशींवरून शेपटीपर्यंत जाणारा एकेक रुंद गडद उभा पट्टा येतो. पुढून आडवा आणि मागून उभा पट्टा असलेला हा बदल एकदा लक्षात राहिला की धामणीचे पिल्लू, दिवड किंवा धूळनागीण यांच्याशी त्याची गल्लत होत नाही. डोळ्याखालून ओठाकडे उतरणारी एक बारीक काळी रेघ आणि डोळ्यामागून जबड्याच्या कोनाकडे जाणारी दुसरी तिरकी रेघ, या दोन रेघांनी त्याचा चेहरा रेखल्यासारखा दिसतो. डिवचला गेला की तो पुढचे शरीर उचलून नागमोडी वळण घालतो, गळा बाजूंनी चपटा करून उभा फुगवतो, शेपटीचे टोक थरथरवतो आणि तोंड उघडून झेप घेतो. हा सारा आवेश विषाविना असतो. तो भक्ष्याला विळखा घालून मारतो, आणि त्याच्या भक्ष्यात उंदीर प्रमुख आहेत. संस्कृतात तस्कर म्हणजे चोर. घरातील धान्य ज्यांच्यापासून राखायचे त्या उंदरांना मारणाऱ्या प्राण्याला चोराचे नाव चिकटावे, ही त्याच्यावर झालेली उघड अन्यायाची गोष्ट आहे, आणि या नावामुळेच तो कित्येकदा काठीखाली येत असावा.

आता त्याच्या मानेकडे यावे, कारण उपजातींचा सारा वाद मानेवर आहे. मूळ उपजातीत डोक्यामागे, मानेच्या वरच्या बाजूस, दोन काळ्या उभ्या रेघा जवळजवळ समांतर धावतात. १९९२ साली जर्मन सर्पतज्ज्ञ क्लाउस-डीटर शुल्झ यांनी सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील तस्करांना माँटिकोलॅरिस हे वेगळे उपजातिनाम दिले. या शब्दात डोंगर आणि गळपट्टी असे दोन लॅटिन शब्द जोडलेले असून, या सापांच्या मानेवर उभ्या रेघांऐवजी काळ्या काठांची पांढरी आडवी पट्टी असते. २०१६ साली प्रत्यूष महापात्रा, शुल्झ, नोटकर हेल्फेनबर्गर, सिल्व्हिया हॉफमन आणि सुशील दत्ता यांनी पूर्व भारतातील तस्करांची तपासणी करून नायग्रिअँग्युलॅरिस ही तिसरी उपजाती वर्णिली. तिच्या नावातच मानेवरील काळ्या कोनाची खूण नोंदलेली आहे. म्हणजे मानेवर दोन रेघा, एक गळपट्टी किंवा एक कोन, एवढ्यावर साप मैदानी, सह्याद्रीचा की पूर्वेकडचा हे ठरू लागते. नागपूर हे सह्याद्री आणि पूर्व भारत या दोन टोकांच्या मध्ये, दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर जिथे संपू लागतो आणि पूर्वेकडचे अतिप्राचीन खडक जिथे उघडे पडतात त्या सीमेवर वसलेले शहर आहे. त्यामुळे जरीपटक्यात निघालेल्या तस्कराची मान वरून नीट पाहणे आणि तिचे छायाचित्र ठेवणे हे एखाद्या सह्याद्रीच्या गावात पाहण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण जिथे दोन प्रदेश भेटतात तिथेच उपजातीच्या खुणेची खरी कसोटी लागते.

या सापाचे वर्णन कसे पुढे सरकले हे पाहिले तर जागेच्या नोंदीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवर चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या आधारे फ्रान्सच्या फ्रांस्वा मारी दोदँ यांनी १८०३ साली तस्कराला कोलुबर हेलेना हे शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर दीर्घकाळ हा साप इलाफी या फार मोठ्या प्रजातीत ठेवला गेला, जिच्यात युरोप, आशिया आणि अमेरिका या तिन्ही खंडांतले उंदीरखाऊ साप एकत्र कोंबलेले होते. हेल्फेनबर्गर यांनी २००१ साली अंतर्गत अवयवांची मांडणी, हाडे आणि प्रथिने यांच्या आधारे, आणि उर्स उटिगर व सहकाऱ्यांनी २००२ साली जनुकीय आधारे, हा ढीग निराळ्या गटांत विभागला. तस्कर फिट्झिंगर यांनी १८४३ मध्ये सुचवलेल्या सिलोग्नॅथस या जुन्या नावाखाली गेला आणि अमेरिकन साप एका वेगळ्या शाखेत गेले.

त्या अमेरिकन शाखेत गोफर साप येतो, ज्याच्या उपजाती ओळखण्याचा प्रश्न तिकडच्या सर्पप्रेमींना गेली दीडशे वर्षे गुंतवून ठेवीत आला आहे. १८३५ मध्ये ब्लँव्हिल यांनी वर्णिलेला हा साप कॅनडाच्या नैर्ऋत्य भागापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेला असून, पॅसिफिक किनारा, सोनोरा, ग्रेट बेसिन, सॅन दिएगो आणि मध्य मैदाने अशा प्रदेशांनुसार त्याचे प्रकार मानले जातात. मैदानी प्रकार बुलस्नेक या नावाने सर्वश्रुत आहे. त्यांतील फरक पाठीवरील ठिपक्यांची संख्या, मानेजवळचे ठिपके काळे की तपकिरी, ते परस्परांत मिसळलेले की सुटे, आणि नाकाच्या टोकावरचा खवला किती अरुंद व उंच, अशा बारीक बाबींवर आधारलेले आहेत. दोन प्रदेशांच्या सीमेवर मात्र असे असंख्य साप सापडतात ज्यांचे ठिपके एका उपजातीचे आणि रंग दुसऱ्या उपजातीचा असतो. तस्कराप्रमाणेच गोफर सापही चिडला की शेपटी थरथरवतो, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या एका उभ्या पडद्यामुळे त्याचा फुत्कार खुळखुळ्या सापाच्या आवाजासारखा भयावह वाटतो. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटावरील त्याच्या खुज्या उपजातीचे वर्णन १९४६ साली लॉरेन्स क्लाउबर यांनी केले. क्लाउबर हे सॅन दिएगोतील वीज कंपनीत अधिकारी होते. सर्पविद्या हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. रात्री वाळवंटी रस्त्यांवरून मोटारीने जात, दिसलेल्या प्रत्येक सापाची जागा, वेळ आणि हवामान यांची नोंद ठेवून त्यांनी १९३९ साली जे संख्याशास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले, ते आजही हौशी अभ्यासकाने काय करावे याचा वस्तुपाठ आहे.

क्लाउबर यांच्यासारख्या नोंदींनीच उपजाती या कल्पनेचे बळ आणि दौर्बल्य दोन्ही उघड केले. १९३८ साली ज्युलियन हक्स्ली यांनी क्लाइन ही संज्ञा मांडली; एखादे लक्षण प्रदेशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तुटक न बदलता हळूहळू बदलत जाते, त्या उताराला हे नाव आहे. पाठीवरचे ठिपके पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेकाने वाढत असतील, तर मध्येच एक रेघ ओढून अलीकडे एक उपजाती आणि पलीकडे दुसरी, असे म्हणणे हा केवळ सोयीचा निर्णय ठरतो. १९४९ साली डीन अॅमॅडन यांनी उपजातींसाठी पंचाहत्तर टक्क्यांचा नियम विवेचिला, ज्याचा आशय असा की एका समुदायातील किमान पाऊणभर प्राणी दुसऱ्या समुदायातील जवळजवळ सर्व प्राण्यांपासून वेगळे ओळखता आले तरच नाव वेगळे द्यावे. १९५३ साली एडवर्ड विल्सन आणि विल्यम ब्राउन यांनी त्याही पुढे जाऊन उपजातींना औपचारिक नावे देण्याच्या पद्धतीवरच टीका केली. त्यांचा प्रमुख आक्षेप असा होता की वेगवेगळी लक्षणे वेगवेगळ्या दिशांनी बदलतात, आणि त्यांतले एक निवडून त्यावर नाव उभारले की उरलेली लक्षणे डोळ्यांआड होतात. हा आक्षेप गंभीर आहे. मानेवरची खूण ही नजरेला पटकन दिसते म्हणून तिलाच सर्वस्व मानणे धोक्याचे आहे, आणि २०१६ च्या अभ्यासासारखे काम वाचताना वाचकाने खुणेबरोबर खवल्यांची मोजणी आणि प्रदेश हे तिन्ही एकत्र पाहिले पाहिजेत.

नागाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, आणि नाग नदीच्या काठी वसलेल्या नागपूरला ते जवळचेही वाटेल. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत आशियातील सारे नाग एकाच जातीच्या उपजाती मानले जात, आणि फण्यावर चष्म्याची खूण, एकच वर्तुळ किंवा खूणच नसणे, यांवर त्यांची विभागणी होई. पुढे वोल्फगांग व्यूस्टर यांच्या १९८९ पासूनच्या कामातून हे सापडले की यातील कित्येक उपजाती खरे तर स्वतंत्र जाती आहेत, तर भारतातच फण्याच्या वेगवेगळ्या नक्षीमुळे वेगळी भासणारी काही नावे मात्र एकाच जातीच्या अंतर्गत विविधतेची होती. आज आशियाई नागांच्या दहाहून अधिक जाती मानल्या जातात. एकवर्तुळी नाग हा पूर्व भारतात आढळणारा नाग त्यांपैकी एक आहे. एकच खूण एका ठिकाणी खरी सीमा दाखवते आणि दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल करते; दोन्ही गोष्टी एकाच प्राण्याच्या अभ्यासात घडल्या.

खूण फसवते तेव्हा अभ्यासक मोजणीकडे वळतो. बाटलीत जतन केलेल्या सापांचे पिवळे आणि लाल रंग काळाच्या ओघात निघून जातात, पण खवल्यांची संख्या राहते. शिवाय ती सापाच्या जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाही. म्हणून जुन्या संग्रहालयांतील नमुन्यांवर उभे राहिलेले शास्त्र खवले मोजत आले, आणि माल्कम स्मिथ यांच्या १९४३ च्या भारतीय सापांवरील ग्रंथापासून आजच्या शोधनिबंधांपर्यंत सापाच्या वर्णनाची सुरुवात आकड्यांनी होते. तस्कराच्या शरीराच्या मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या ओळी साधारण २३ ते २७ असतात, पोटावरचे रुंद आडवे खवले २१७ ते २६५, आणि शेपटीखालचे खवले दोन-दोनच्या जोड्यांत. त्यांच्या वरचा, विष्ठाद्वारावरील खवला मात्र अखंड असतो. नरांत पोटाचे खवले बहुधा कमी आणि शेपटीचे अधिक भरतात, त्यामुळे लिंग न नोंदता दोन प्रदेशांतील आकड्यांची तुलना करणे निरर्थक ठरते. पोटाचे खवले कोठून मोजायला सुरुवात करावी याबद्दलही मतभेद होते. १९५१ साली हर्नडन डाउलिंग यांनी, ज्या खवल्याच्या दोन्ही बाजूंस पाठीची सर्वांत खालची ओळ टेकते त्याला पहिला मानावे, असा नियम घालून दिला आणि मोजण्या परस्परांशी जुळू लागल्या.

जिवंत साप हातात धरून मोजणी करणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, पण सापाने टाकलेली कात ही घरातल्या कोणालाही हाताळता येणारी वस्तू असून तिच्यात जवळजवळ सर्व आकडे शाबूत असतात. अडगळीत सापडलेली कात कोमट पाण्यात मऊ करून वर्तमानपत्रावर अलगद पसरली की पाठीचे खवले हिऱ्याच्या आकाराच्या जाळीसारखे आणि पोटाचे खवले रुंद पट्ट्यांसारखे दिसतात. मध्यभागी पोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरक्या रेषेत मोजत गेले की ओळींचा आकडा मिळतो. पेन्सिलीच्या टोकाने एकेक खवला टिपावा, आणि दोनदा मोजल्यावर आकडा तोच आला तरच लिहावा. कात ओली असताना आणि सोलून निघताना ताणली जाते, म्हणून तिच्यावरून सापाची लांबी काढू नये. ती हमखास अधिक भरते. पण खवल्यांची संख्या ताणली जात नाही. पाठीच्या कण्यावरची मधली ओळ बाजूच्या ओळींपेक्षा मोठ्या, षट्कोनी खवल्यांची दिसली आणि एकूण ओळी १५ भरल्या तर ती मण्यारीची कात असण्याचा संभव असतो, आणि वॉलच्या मण्यारीत ही संख्या १७ किंवा १९ असते. मण्यार विषारी साप आहे हे लक्षात घेता, घरात सापडलेल्या कातीचा असा उपयोग केवळ अभ्यासकांच्या आवडीपुरता उरत नाही.

विषारी सापांच्या बाबतीत प्रदेशभेदाला जीवनमरणाचे मोल असते. फुरसे या सापाची मूळ उपजाती द्वीपकल्पीय भारतात, कोकणासह, आढळते, तर १९६९ साली श्टेम्लर यांनी वर्णिलेली सोचुरेकी ही उपजाती वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशांत पसरलेली आहे. भारतात दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर घडवलेले असते, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील, चेन्नईजवळच्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. प्रदेशाप्रदेशांतील विषाची घडण वेगळी असू शकते, त्यामुळे एका प्रदेशातील विषावरून केलेले औषध दुसऱ्या प्रदेशात तेवढेच परिणामकारक ठरेल असे गृहीत धरता येत नाही. ज्या सापावर औषध तयार झाले त्याचा पत्ता आणि ज्या सापाने दंश केला त्याचा पत्ता, दोन्ही माहीत असणे आवश्यक आहे. उपजातीच्या नावातील तिसरा शब्द इथे पुस्तकी राहत नाही.

आणि नेमका हा पत्ताच सध्या सर्वांत अधिक हरवतो आहे. नागपुरातील सर्पमित्र रात्रीबेरात्री धावून जातात आणि वन विभागाचे सेमिनरी हिल्स येथील उपचार केंद्र जखमी प्राण्यांवर उपचार करते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणे अथवा बाळगणे गुन्हा आहे, आणि या सर्वांमुळे कित्येक साप वाचले आहेत, हे निर्विवाद आहे. पण पकडलेला तस्कर दूरच्या जंगलात सोडला गेला आणि कुठून आणला हे कुठेच लिहिले गेले नाही, की पुढे त्या जंगलात कोणी त्याला पाहून त्याच्या मानेवरच्या रेघांचा अर्थ लावू लागले तर तो अर्थ चुकीचा ठरतो. एका जिल्ह्यातला साप दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडणे म्हणजे नकाशावरील गावाचे नाव खोडून दुसरे लिहिणे होय, आणि तस्करासारख्या प्रदेशावर ओळख अवलंबून असलेल्या सापात ते दोन्ही बाजूंनी नुकसान करते. शिवाय सापाला आपले बीळ, आपले पाणी आणि आपले भक्ष्य जिथे माहीत आहे तिथून त्याला दूर नेणे हे त्याच्याही हिताचे नाही.

जरीपटक्यात, नाऱ्यात किंवा नागपूरच्या कोणत्याही वस्तीत साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित सर्पमित्रास कळवावे, आणि साप पकडल्यावर सर्पमित्राने सुरक्षित अंतरावरून दोन छायाचित्रे घ्यावीत: एक संपूर्ण शरीराचे आणि एक मानेचे, नेमके वरून. त्यांच्याखाली मोहल्ल्याचे नाव, तारीख, वेळ आणि तो कुठे सोडला ते ठिकाण, एवढे चार तपशील वहीत लिहावेत, आणि सापाला शक्य तितक्या जवळच्या सुरक्षित जागी, सापडल्या दिवशीच सोडावे.